सेमिस्टरच्या एसजीपीएची सरासरी ८.००, मार्कशीटवर सीजीपीए ७.८७. आणि अर्जात टक्के कुठले लिहायचे?

वैशाली_कऱ्हाडकर
नमस्कार मंडळी. भाचीचं एमएस्सी नुकतंच पूर्ण झालं. चार सेमिस्टरचे एसजीपीए, म्हणजे त्या-त्या सेमचे दहापैकी ग्रेड पॉइंट, असे आहेत: ७.००, ७.५०, ८.२० आणि ९.३१. मी चारही आकडे मिळवून चाराने भागले तर बरोबर ८.०० येतात. शेवटच्या मार्कशीटवर मात्र सीजीपीए, म्हणजे चारही सेमचा मिळून आकडा, ७.८७ छापलाय. पोरगी हिरमुसली आहे आणि तिचे बाबा, म्हणजे माझा दादा, "उद्या विद्यापीठात जाऊन जाब विचारतोच" म्हणून हातघाईवर आलाय.

दुसरी भानगड अशी की तिला एका सरकारी नोकरीचा ऑनलाइन अर्ज भरायचाय. त्यात टक्केवारीचा रकाना भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही. सीजीपीएला १० ने गुणायचं की ९.५ ने? घरात दोन तट पडलेत. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा.

बेरकी_बाळू
दादांना म्हणावं जाताना डबा आणि छत्री दोन्ही घ्या. परीक्षा विभागाची खिडकी आहे ती.

सांगलीचे_मास्तर
वैशालीताई, दादांना तूर्तास घरीच बसवा. विद्यापीठाचं गणित बहुधा बरोबर आहे. प्रत्येक सेमिस्टरचे क्रेडिट, म्हणजे हिशोबातलं त्याचं वजन, किती होते ते मार्कशीटवर बघून सांगा. ते सगळीकडे सारखे नसणार.

वैशाली_कऱ्हाडकर
मास्तर, आत्ता बघितलं. २४, २४, २० आणि १६. शेवटच्या सेमला थिअरीचे पेपर कमी होते, प्रोजेक्ट होता.

सांगलीचे_मास्तर
झालं तर मग. प्रत्येक सेमचा एसजीपीए त्या सेमच्या क्रेडिटने गुणा:

२४ × ७.०० = १६८
२४ × ७.५० = १८०
२० × ८.२० = १६४
१६ × ९.३१ = १४९ (पूर्णांकाच्या अगदी जवळ येतं, कारण मूळ बेरीज १४९ च असणार आणि ९.३१ हा दोन दशांशांपर्यंत छाटलेला आकडा आहे)

एकूण ६६१. क्रेडिट एकूण ८४. ६६१ ÷ ८४ = ७.८६९, म्हणजे ७.८७.

तुमच्या भाचीने सगळ्यात चांगली कामगिरी केली ती सगळ्यात कमी क्रेडिटच्या सेमला, आणि पहिली दोन जड सेमिस्टरं जरा मागे राहिली. साध्या सरासरीत चारही सेमना सारखा मान मिळतो, म्हणून ८.०० दिसतं. उलटं झालं असतं, पहिल्या सेमला ९.३१ आणि शेवटी ७.००, तर सीजीपीए साध्या सरासरीपेक्षा वर गेला असता आणि हा धागा निघालाच नसता.

एका सेमच्या आतही हेच चालतं. प्रत्येक विषयाच्या ग्रेडचे गुण गुणिले त्या विषयाचे क्रेडिट, त्यांची बेरीज, भागिले सेमचे एकूण क्रेडिट. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास लेक्चर किंवा दोन तास प्रॅक्टिकल. ग्रेडचे गुण ओ ला १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, आणि नापास किंवा गैरहजर असाल तर शून्य.

तिखटमीठ
मास्तर, आमच्यासारख्या गणितात काठावर सुटलेल्यांसाठी मंडईतलं उदाहरण देते. कांदे ३० रुपये किलो, तीन किलो घेतले. लसूण ३०० रुपये किलो, पाव किलो घेतला. दरांची साधी सरासरी १६५ रुपये किलो! पण पिशवीत सव्वातीन किलो माल आहे आणि खर्च झाले ९० अधिक ७५, म्हणजे १६५ रुपये. किलोमागे पन्नास-एक्कावन्न रुपये पडले. क्रेडिट म्हणजे किलो, ग्रेड म्हणजे दर.

बेरकी_बाळू
म्हणजे वैशालीताईंच्या भाचीने लसूण छान निवडला पण कांदे नासके निघाले.

तिखटमीठ
बाळ्या, पोरीचे सात पॉइंट आहेत ते. तुझे किती होते ते सांग आधी.

बेरकी_बाळू
आमच्या वेळी पॉइंट नव्हते. एटीकेट्या होत्या.

शशी_डोंबिवली
पहिल्या प्रश्नाचं मास्तरांनी सांगितलंच. दुसऱ्याबद्दल: ९.५ चा फॉर्म्युला सीबीएसईच्या दहावीचा आहे. २०१० ते २०१७ या काळात त्यांनी दहावीला सीजीपीए दिला आणि टक्के काढायला ९.५ ने गुणा असं सांगितलं. ९१ ते १०० च्या पट्ट्यातल्या मुलांच्या आधीच्या वर्षांतल्या गुणांची सरासरी ९५ च्या आसपास होती, तिला १० ने भागून ९.५ आलं. त्याचा तुमच्या विद्यापीठाशी काडीचा संबंध नाही. तरी लोक बीए, बीकॉम, बीटेक सगळ्यांना ९.५ लावत सुटतात, कारण गूगलवर तेच पहिलं सापडतं.

कोकणी_इंजिनीअर
शशी +१. इंजिनीअरिंगवाल्यांसाठी एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचा, तक्ता आहे: ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५, ७.७५ म्हणजे ७०, ८.२५ म्हणजे ७५. थोडक्यात, पाऊण वजा करायचं आणि १० ने गुणायचं. काही विद्यापीठांचं स्वतःचं वेगळं सूत्र असतं, एका आकड्याने गुणा आणि वर दुसरा आकडा मिळवा असलं काहीतरी. ते मार्कशीटच्या मागे बारीक टायपात असतं, भिंग घेऊन बसा.

वैशालीताईंच्या ७.८७ चे हिशोब बघा. १० ने गुणलं तर ७८.७. साडेनवाने ७४.८. एआयसीटीईच्या चालीने ७१.२. पोरगी तीच, मार्कशीट तीच.

वैशाली_कऱ्हाडकर
बापरे! मग खरे टक्के किती?

सांगलीचे_मास्तर
ताई, ग्रेडवरून 'खरे' टक्के काढता येतच नाहीत. ग्रेड देताना माहिती गाळली जाते, ती गुणाकाराने परत येत नाही.

उदाहरण देतो. काही विद्यापीठांत ८० च्या वर १० गुण, ७० ते ७९ ला ९, ६० ते ६९ ला ८ अशी पायरी आहे. सारख्या क्रेडिटचे पाच विषय धरा. सुमनला पाचही विषयांत ७०. पाचही ठिकाणी ९ मिळाले, एसजीपीए ९.०. कुसुमला चार विषयांत ७९ आणि एकात ६९. तिला ९, ९, ९, ९, ८. एसजीपीए ८.८. आता गुण मोजा. सुमनचे ३५०, कुसुमचे ३८५. पस्तीस गुण जास्त मिळवून कुसुम मागे!

या तक्त्यात सुमनच्या ९.० ला १० ने गुणलं तर ९० टक्के होतात. ७० मिळवणाऱ्या मुलीला. म्हणूनच जिथे पट्टे इतके सैल आहेत तिथलं सूत्र कडक असतं.

जुना_जाणता
म्हणूनच मी म्हणतो, मार्क पद्धतच बरी होती. साडेएकोणसाठ म्हणजे साडेएकोणसाठ, त्यात कुसुम-सुमन नाही. फर्स्ट क्लास, सेकंड क्लास, पास क्लास. आमच्या विद्यापीठात तर क्लास फक्त शेवटच्या वर्षाच्या गुणांवर लागायचा. पहिली दोन वर्षं पास झालात की पुरे. आम्ही ती नाटक, स्पर्धा आणि कॅन्टीनमध्ये घालवली.

मुक्ता_एन
काका, हा तर सगळ्यात मोठा अन्याय! तीन वर्षांपैकी दोघांचं वजन शून्य आणि शेवटच्याचं शंभर. शेवटच्या वर्षी टायफॉइड झाला की डिग्री गेली. आणि साडेएकोणसाठ पण काही आभाळातून पडलेलं नसे. एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडे गेली तर चार-सहा मार्कांचा फरक पडायचा, अजूनही पडतो. मग ५९ आणि ६० मधला फरक एवढा पवित्र का मानायचा? ग्रेडचा पट्टा निदान ते कबूल तरी करतो.

जुना_जाणता
पट्ट्यालाही कडा असतेच की मुक्ताबाई. ६९ आणि ७० मध्ये तीच मारामारी. आधी दोन-तीन कडा होत्या, आता सात आहेत.

मुक्ता_एन
हा मुद्दा बरोबर आहे. पण टायफॉइडचं काय?

जुना_जाणता
टायफॉइड मला झाला नव्हता, म्हणून पद्धत बरी वाटत असेल. :)

पवईकर
वर सगळे जे बोलताहेत ते ठरलेल्या पट्ट्यांचं आहे. मुंबई आयआयटीत आम्हाला एए ला १०, एबी ला ९, बीबी ला ८ असं डीडी ला ४ पर्यंत मिळायचं. सेमचा आकडा एसपीआय, एकूण सीपीआय. वजन क्रेडिटचंच, सूत्र मास्तरांनी दिलेलंच. पण एए किती गुणांना मिळणार हे आधी ठरलेलं नसतं, वर्ग कसा लिहितो त्यावर प्राध्यापक ठरवतात. एका कोर्सला ५५ ला एबी आणि दुसऱ्याला ७८ ला बीसी हे दोन्ही एकाच सेममध्ये पाहिलंय. तिथे टक्के काढणं म्हणजे विनोदच. घरी मात्र आजी दर सेमला विचारायची, "दहापैकी आठ म्हणजे ऐंशी टक्के ना रे?" मी हो म्हणायचो. आजी खूश, शेजारी पेढे.

म्युनिकचा_मध्या
इकडची गंमत ऐका. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे कसाबसा पास. परदेशी मार्कांसाठी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल वजा किमान उत्तीर्ण गुणांनी भागा, ३ ने गुणा, १ मिळवा.

सीजीपीए ८, कमाल १०. तुमच्या विद्यापीठात पास व्हायला ४ लागत असतील तर २ भागिले ६ गुणिले ३ अधिक १, म्हणजे २.०. पण पास व्हायला ५ लागत असतील तर २ भागिले ५ गुणिले ३ अधिक १, म्हणजे २.२. दोन मित्रांचा सीजीपीए सारखा, पण ज्याच्या विद्यापीठाचा पास होण्याचा निकष कडक त्याचा आकडा वाईट! आणि इथे बऱ्याच मास्टर्सच्या प्रवेशाला २.५ ची वगैरे अट असते, तेव्हा काठावर असाल तर पॉइंट दोन जीव घेतात. म्हणून उत्तीर्णतेचा किमान आकडा छापलेला कागद जवळ हवाच. अर्जात तो अंदाजाने भरू नका.

लीड्सची_लीना
इंग्लंडात ७० ला फर्स्ट, म्हणजे सगळ्यात वरचा वर्ग, मिळतो. आई फोनवर म्हणाली, "७२ च? बरं, पुढच्या वेळी बघू." तिला फर्स्ट म्हणजे काय हे समजावण्यात माझा अर्धा तास गेला. इथे वर्षांनाही वजन असतं. तीन वर्षांच्या डिग्रीत पहिल्या वर्षाचे गुण बहुतेक ठिकाणी अंतिम निकालात धरत नाहीत, फक्त पास व्हावं लागतं. म्हणजे जुना_जाणता काकांची कॅन्टीन पद्धत इथे निदान एक वर्ष शिल्लक आहे.

जुना_जाणता
राणीच्या देशात आमची कदर आहे तर.

न्यूजर्सी_नंदू
लीना, आता राजा आहे असं सांग काकांना. :D

अमेरिकेत बहुतेक विद्यापीठांत ४.० पैकी असतं, एमआयटीत ५.० पैकी. भारतातली मुलं ७.८७ ला १० ने भागून ४ ने गुणतात आणि ३.१५ लिहितात. असं करू नका. विद्यापीठाने मागितलं असेल तर मूल्यांकन संस्था विषयवार गुण, क्रेडिट, ग्रेड बघून जीपीए काढते, आणि तो अशा त्रैराशिकापेक्षा बराच वेगळा येऊ शकतो. अर्जात पर्याय असेल तर 'मूळ पद्धतीत' हा पर्याय निवडून ७.८७ / १० एवढंच लिहा.

गृहिणी_पण_हुशार
अवांतर: आमच्या सोसायटीत एका मुलीला सीईटीला ९४ पर्सेंटाइल मिळाले तर तिच्या आत्याने सगळ्यांना ९४ टक्के सांगितले. शेवटी मुलगीच कंटाळून म्हणाली, "आत्या, ९४ टक्के मुलं माझ्या मागे आहेत, मार्क तेवढे नाहीत." आत्या म्हणाली, "मग तर अजून चांगलं!"

बेरकी_बाळू
आत्या बरोबर आहे.

चिन्मय_टीई
मी इंजिनीअरिंगला आहे. सहा सेम झाले, १२० क्रेडिट, सीजीपीए ६.८. एकूण १६० क्रेडिटची डिग्री आहे. शेवटच्या वर्षी जोर लावला तर ७.५ होईल का? प्लेसमेंटला काही कंपन्या ७.५ मागतात. शिवाय एक ऑडिट कोर्स राहिलाय, तो केला तर वाढेल का?

सांगलीचे_मास्तर
चिन्मय, उलटीकडून ये. १६० × ७.५ = १२००. तुझे आत्तापर्यंत जमा १२० × ६.८ = ८१६. उरले ३८४, आणि तुझ्याकडे क्रेडिट फक्त ४०. म्हणजे दोन्ही सेमना मिळून ९.६ हवेत. जवळपास प्रत्येक विषयात ओ.

७.२५ धरलास तर ११६० वजा ८१६, म्हणजे ३४४, भागिले ४०, म्हणजे ८.६. कठीण आहे पण माणसाच्या आवाक्यातलं आहे. मागे जितके क्रेडिट साठलेत तितका सीजीपीए जड होत जातो. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे कोणी सांगत नाही आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना सांगून उपयोग नसतो.

ऑडिट कोर्सला क्रेडिट नसतात, म्हणून तो ना वर ना खाली, पूर्ण केला नाहीस तर डिग्री मात्र अडकते.

कोकणी_इंजिनीअर
चिन्मय, एक बघ. कंपनी '६० टक्के' म्हणत असेल तर एआयसीटीईच्या तक्त्याने ते ६.७५. १६० × ६.७५ = १०८०. तुला लागतात २६४, म्हणजे उरलेल्या दोन सेमना सरासरी ६.६ ठेवलंस तरी पुरे. ७.५ च्या मागे लागून तब्येत बिघडवण्याआधी कोणती कंपनी काय मागते ते नीट वाच. आणि लक्ष कुठे द्यायचं तेही क्रेडिट बघून ठरव. २० क्रेडिटच्या सेममध्ये ४ क्रेडिटच्या विषयात एक ग्रेड वर गेलास तर एसजीपीए ०.२० ने वाढतो, १ क्रेडिटच्या लॅबमध्ये ०.०५ ने. आमच्या वर्गातली मुलं लॅबच्या जर्नलला रंगीत हेडिंगं करत रात्र जागवायची आणि चार क्रेडिटच्या पेपरला 'बघू उद्या सकाळी'.

चिन्मय_टीई
थँक्यू दादा, थँक्यू सर. जर्नल आत्ताच बाजूला ठेवलं. :P

सांगलीचे_मास्तर
बाजूला ठेव, फेकू नकोस. सबमिशनशिवाय सही मिळत नाही.

शशी_डोंबिवली
मूळ प्रश्नाकडे येऊया, बिचाऱ्या वैशालीताई वाट बघत असतील. ताई, जाहिरातीची पीडीएफ शेवटपर्यंत वाचा. बँक भरतीच्या जाहिरातींत साधारण असं असतं की सगळ्या सेमिस्टरमध्ये सगळ्या विषयांत मिळालेले एकूण गुण भागिले एकूण कमाल गुण, आणि अपूर्णांक वर ओढायचा नाही. ५९.९९ म्हणजे ६० पेक्षा कमीच. दुसऱ्या काही जाहिरातींत असतं की विद्यापीठाच्या नियमाने रूपांतर करा आणि त्याचं पत्र पडताळणीच्या वेळी दाखवा. जे लिहिलंय ते करायचं. पत्र नसताना १० ने गुणून ७८.७ टाकलात आणि कागदपत्र तपासणीत विद्यापीठाचा आकडा ७२ निघाला तर खोटी माहिती दिली म्हणून नाव कापतील. माझ्या एका मित्राचं एका भरतीत असंच झालं, परीक्षा आणि मुलाखत दोन्ही पार करून.

वैशाली_कऱ्हाडकर
शशी, तुम्ही सांगितल्यावर पीडीएफ उघडली. अकराव्या पानावर तळटीप सापडली: एकूण मिळालेले गुण भागिले एकूण कमाल गुण. सुदैवाने मार्कशीटवर ग्रेडबरोबर गुणही आहेत. चारही सेमचे मिळून २१०० पैकी १५२१. ७२.४२ भरले, वर न ओढता. अट ५५ टक्क्यांची आहे, म्हणजे ७८, ७४, ७१, काहीही धरलं असतं तरी पोरगी पात्र होतीच. एवढा वेळ आम्ही घरात का भांडत होतो कोण जाणे.

मास्तरांचं गणित दादाला वहीत मांडून दाखवलं. त्याने दोनदा कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. आता म्हणतो, "मग पहिल्या सेमला क्रेडिट एवढे ठेवलेच कशाला?" आणि तो विद्यापीठात हेच विचारायला जाणार आहे.

बेरकी_बाळू
डबा विसरू नका म्हणावं.

मुक्ता_एन
ताई, पीएचडीचा विचार असेल तर आणखी एक. ५५ टक्क्यांची अट तिथे आणि नेटलाही (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला) असते, राखीव प्रवर्गाला ५०. विद्यापीठाकडून रूपांतराचं पत्र आत्ताच काढून ठेवा. निकालानंतर लगेच गेलं तर लवकर मिळतं. दोन वर्षांनी गेलं तर आधी जुनं रजिस्टर सापडावं लागतं.

एफवाय_ची_आई
उशिरा आले. माझा मुलगा नव्या शैक्षणिक धोरणाच्या पॅटर्नमध्ये पहिल्या वर्षाला आहे. एका विषयात नापास झाला तर त्याच्या मार्कशीटवर एसजीपीएच छापला नाही, रकान्यात नुसती रेघ. पुढच्या वेळी पास झाला तर शून्य पण धरतील का सरासरीत?

सांगलीचे_मास्तर
बऱ्याच विद्यापीठांत सेमचे सगळे क्रेडिट मिळाल्याशिवाय एसजीपीए देत नाहीत, म्हणून रेघ. पास झाला की नवी ग्रेड जुन्या शून्याच्या जागी येते आणि त्यावर हिशोब होतो. काही ठिकाणी मार्कशीटवर दुसऱ्या प्रयत्नाची खूण राहते, पण सरासरीत शून्य राहत नाही. कुठला विषय होता?

एफवाय_ची_आई
पर्यावरण. दोन क्रेडिट.

तिखटमीठ
लसूणच की हो, कांदे तर शाबूत आहेत. काळजी करू नका.